मोठं व्हायला तयार नसलेल्या मित्रांचे सिनेमे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार-पाच मित्र, वय तिशीकडे झुकलेलं, खिसा रिकामा आणि वेळ उदंड. कमी पैशांत, कुठल्याही बड्या स्टुडिओच्या आधाराशिवाय केलेला विनोदी सिनेमा. असे सिनेमे मी हावरटासारखे बघते आणि ओळखीच्यांनाही बघायला लावते. मग तेच ते प्रश्न फिरून माझ्याकडे येतात. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथं बोलण्यासारखं खूप आहे. काही एका ओळीत आटोपली आहेत.

या प्रकारात नक्की कोणते सिनेमे धरायचे?

मराठीत मूल 'वाढतं' आणि माणूस 'मोठा होतो'. या दोन क्रियापदांच्या मधल्या फटीत हे सिनेमे घडतात. पात्रं वाढलेली असतात. दाढी आलेली असते, पदवी कुठल्यातरी फायलीत असते, एखाद्याला लेकरूही झालेलं असतं. मोठं होणं मात्र येत्या सोमवारवर ढकललेलं असतं, आणि तो सोमवार काही उजाडत नाही.

शाळा-कॉलेजातल्या पोरांचे सिनेमे मी यात धरत नाही. सतराव्या वर्षी रात्री उशिरा घरी येण्यात काही विशेष नाही. एकतिसाव्या वर्षी चपला हातात घेऊन, आईला चाहूल लागू न देता जिना चढणं, ही गंमत आहे.

दुसरी अट टोळीची. एकटा माणूस मोठं व्हायला नकार देतो तेव्हा लोक त्याची काळजी करतात. चौघांनी मिळून नकार दिला की त्याची एक रीत बनते. त्यांची स्वतःची भाषा तयार होते, जुन्या फजित्यांच्या कथा हजारदा सांगितल्या जातात, आणि कुणी नोकरीच्या मुलाखतीला निघाला तर तो फितूर ठरतो. सिनेमा या रीतीवर उभा असतो.

याची सुरुवात कुठून झाली?

'पहिला' कोणता या वादात शिरण्यात अर्थ नाही. पण घराण्याचा मूळ पुरुष विचाराल तर मी फेडेरिको फेलिनीच्या १९५३ सालच्या 'इ वितेलोनी'कडे बोट दाखवीन. समुद्राकाठचं एक लहान इटालियन गाव, आणि कामधंदा न करता दिवस ढकलणारे पाच मित्र. नावाचा अर्थ साधारण 'थोराड वासरं'. आपल्याकडे वय झालेला माणूस पोरांत मिसळला की तो 'शिंगं मोडून वासरांत शिरला' म्हणतात. या पाच जणांनी शिंगं फुटूच दिलेली नाहीत.

त्यातला एक प्रसंग या सगळ्या प्रकारासाठी बीजगणिती सूत्रासारखा आहे. मित्र मोटारीतून चाललेत. रस्त्यावर मजूर राबतायत. अल्बेर्तो मोटारीतून डोकं बाहेर काढून त्यांना 'कामगार!' म्हणून हिणवतो, तोंडानं घाणेरडा आवाज काढतो, हातानं त्याहून घाणेरडी खूण करतो. आणि थोडं पुढं जाऊन गाडी बंद पडते, मजूर मागं लागतात. हसू गाडी बंद पडल्याचं येतंच, पण त्याआधी आपण पाहिलेलं असतं की या अल्बेर्तोचं घर त्याच्या बहिणीच्या पगारावर चालतं. त्यामुळे पळणाऱ्या अल्बेर्तोकडे पाहून हसताना थोडं खुपतं.

त्या वर्षी व्हेनिस महोत्सवात या सिनेमाला रौप्य सिंह मिळाला. पण त्याचं खरं देणं वेगळं आहे. पाचांतला एक, सगळ्यांत कमी बोलणारा मोराल्दो, एका पहाटे कुणालाही न सांगता आगगाडीत बसतो. गाडी सुटते आणि आपल्याला झोपलेले मित्र दिसतात, एकेकाच्या खोलीवरून कॅमेरा असा सरकतो की जणू आगगाडीच त्यांच्या पलंगांजवळून चालली आहे. पुढच्या सत्तर वर्षांत या प्रकारातल्या बहुतेकांनी हीच गाडी पकडली आहे.

या सिनेमांत काही घडतच नाही. कंटाळा येतो. माझं चुकतंय का?

चुकत नाही, पण तुम्ही चुकीच्या जागी बघत असाल. नेहमीच्या गोष्टीत नायकाला काहीतरी हवं असतं आणि कुणीतरी आडवं येतं. इथं नायकांना एकच गोष्ट हवी असते : आज आहे तसंच उद्या राहावं. आडवं येतं ते कॅलेंडर. खलनायक म्हणून कॅलेंडर फार सौम्य असतं, आरडाओरडा करत नाही, म्हणून काही घडत नाहीसं वाटतं.

पुढच्या वेळी एक करून पाहा. दर वीस मिनिटांनी टोळीत किती जण उरलेत ते मोजा. एकाचं लग्न ठरतं, एकाला दुसऱ्या शहरात काम लागतं, एक जण फोन उचलायला उशीर करू लागतो. प्रश्न 'हे मोठे होतील का' असा कधीच नसतो. 'आधी कोण जाणार आणि ते इतरांना कसं कळणार', एवढीच गोष्ट असते.

कथानक मुळीच नको असेल तर रिचर्ड लिंकलेटरचा 'स्लॅकर' आहे. ऑस्टिन शहरातला एक दिवस, शंभरेक पात्रं. कॅमेरा एकाला सोडून दुसऱ्याच्या मागं जातो आणि परत कधीच येत नाही. साधारण २३,००० डॉलरमध्ये झालेला हा सिनेमा २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी घेतला गेला. तो मात्र पहिल्या फटक्यात बघू नका.

'स्वतंत्र' म्हणजे फक्त स्वस्त का?

स्वतंत्र म्हणजे शेवटचा निर्णय पैसा लावणाऱ्या कंपनीच्या हातात नसणं. बहुतेक वेळा त्याची किंमत म्हणून पैसाच नसतो, हे खरं.

या प्रकारात मात्र गरिबी नुसती अडचण राहत नाही, ती गोष्टीत मुरते. पडद्यावर वेळ भरपूर आणि पैसा शून्य असलेली माणसं असतात. पडद्यामागंही तीच. केविन स्मिथचा 'क्लर्क्स' (१९९४) घ्या. न्यू जर्सीतल्या ज्या दुकानात तो नोकरी करायचा तिथंच त्यानं तो केला. दिवसा गिऱ्हाइकं, म्हणून चित्रीकरण रात्री. पण गोष्ट दिवसा घडते आणि खिडकीतून काळोख दिसणार. मग पटकथेतच लिहून टाकलं : कुणीतरी कुलपात च्युइंगगम कोंबलंय, शटर उघडत नाही. दुकान दिवसभर बंद शटरमागं चालू राहतं, आणि बाहेर चादरीवर 'दुकान चालू आहे' असं लिहून टांगलेलं.

आता गंमत बघा. बंद शटरच्या आत दिवस काढणारा बावीस वर्षांचा पोरगा, ज्याला तिथून निघता येत नाही आणि निघायचंही नाही. दहा पानी समीक्षेतून जे सांगावं लागलं असतं ते एका अडचणीवरच्या उपायातून आलं. पैसे असते तर त्यानं मोठे दिवे लावून खोटी सकाळ केली असती, आणि सिनेमा तेवढा उणा झाला असता, असं मला ठामपणे वाटतं.

मूळ खर्च २७,५७५ डॉलर. त्यासाठी त्यानं कॉमिक्सचा संग्रह विकला आणि क्रेडिट कार्डं घासली. क्रेडिट कार्डांचं अनुकरण करू नका.

यातले इतके सिनेमे कृष्णधवल का असतात?

'क्लर्क्स'मध्ये कारण काटकसरीचं. दुकानातल्या ट्यूबलाइट आणि बाकीचे दिवे यांचे रंग जुळवणं खर्चाचं काम असतं, कृष्णधवलमध्ये ती कटकटच नाही. नोआ बॉमबाखच्या 'फ्रान्सिस हा' (२०१२) या सिनेमात मात्र ती आवड आहे. तो साध्या डिजिटल स्थिरचित्रण कॅमेऱ्यावर रंगीत चित्रित करून नंतर कृष्णधवल केला. आजच्या आयुष्याला जुन्या फोटोचा रंग दिला की पात्रं आत्ताच आठवणीत जमा झाल्यासारखी दिसतात.

कलाकार आयत्या वेळी सुचेल ते बोलतात ना?

हा सर्वांत मोठा गैरसमज आहे, आणि नवख्या दिग्दर्शकांचं सर्वांत जास्त नुकसान यानंच केलं आहे. 'फ्रान्सिस हा'मधलं अडखळणं, वाक्य अर्धवट सोडणं, एकमेकांच्या बोलण्यात घुसणं बॉमबाख आणि ग्रेटा गरविग यांनी लिहिलेलं होतं. सहज वाटावं म्हणून एकेक प्रसंग कित्येक टेक घेऊन घोटला गेला.

आयत्या वेळी बोलणारी माणसं हुशार व्हायला बघतात. प्रत्येकाला शेवटचा टोला मारायचा असतो. खरे जुने मित्र असं बोलत नाहीत. त्यांचा निम्मा विनोद न बोलण्यात असतो. एकानं 'त्या दिवशीसारखं' एवढंच म्हणायचं आणि बाकी तिघांनी कोसळायचं. त्या दिवशी काय झालं ते प्रेक्षकाला कधीच सांगायचं नाही. हे लिहावं लागतं.

'मंबलकोर' म्हणजे काय?

पुटपुटणाऱ्यांचा सिनेमा. २००५ साली ऑस्टिनच्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात एरिक मासुनागा या ध्वनी-तंत्रज्ञानं गमतीनं हा शब्द काढला. दिग्दर्शक अँड्र्यू बुजाल्स्कीनं तो एका मुलाखतीत सांगितला आणि मग तो त्याला कायमचा चिकटला. त्याचा 'फनी हा हा' (२००२) या मंडळींतला थोरला मानतात. कॉलेज संपलेलं, पुढचं ठरलेलं नाही, प्रेम कुणावर ते कळत नाही, आणि त्याबद्दल स्पष्ट बोलायची ताकद कुणातच नाही. ज्यांना हे लेबल लागलं त्यांतल्या बहुतेकांना ते आवडलं नाही, आणि त्यात नवल नाही. शब्द साउंडवाल्यानं काढला हे मला फार आवडतं, कारण त्या पुटपुटण्याचा त्रास सगळ्यांत आधी त्यालाच झाला असणार.

ही पात्रं चीड आणतात. मला ती आवडावीत अशी अपेक्षा का असते?

अपेक्षा नसते. चांगल्या सिनेमात ती आवडण्याआधी ओळखीची वाटतात. 'विथनेल अँड आय' (१९८७) मधला विथनेल भित्रा, खोटारडा, आपमतलबी आणि दारुडा आहे. १९६९ संपत आलंय, लंडनमधले दोन बेकार नट थंडीनं आणि सिंकमधल्या भांड्यांच्या ढिगानं हैराण आहेत. त्याच्या सोबत आपण टिकतो ते त्याच्या भाषेमुळे. इतक्या क्षुद्र माणसाकडं इतकं भव्य बोलणं! (ही भूमिका करणारा रिचर्ड ई. ग्रँट दारूला स्पर्श न करणारा माणूस, त्याच्या शरीराला ती सोसतच नाही.)

एक कसोटी माझ्यापुरती मी ठरवली आहे. टोळीच्या वागण्याचा भुर्दंड कोण भरतं ते सिनेमाला माहीत आहे का? अल्बेर्तोच्या बहिणीचा चेहरा फेलिनीला माहीत आहे. ज्या सिनेमांत बायको, बहीण, आई या फक्त पार्टी बंद पाडायला दारात उभ्या राहतात, ते मला अर्ध्यावर सोडावेसे वाटतात.

सगळे पुरुषच का असतात?

आता नसतात, आणि आधीही सगळे नव्हतेच. क्लॉडिया वाइलचा 'गर्लफ्रेंड्स' १९७८ चा आहे. अनुदानांतून थोडा थोडा करत पूर्ण झाला, मग वॉर्नर ब्रदर्सनं विकत घेतला. सुझन नावाची फोटोग्राफर, तिची खोलीतली मैत्रीण लग्न करून निघून जाते. बस, एवढंच घडतं, आणि तेवढं पुरेसं असतं.

फरक मात्र जाणवतो. पुरुषांच्या टोळीतून एक गेला की उरलेले त्याची टिंगल करतात, म्हणजे दुःख झाल्याचं कबूल करावं लागत नाही. मैत्रिणींच्या सिनेमात ते दुःख उघड बोललं जातं, प्रेमभंगासारखं. 'गर्लफ्रेंड्स' आणि 'फ्रान्सिस हा' लागोपाठ बघा. चौतीस वर्षांचं अंतर असूनही दोघी सख्ख्या बहिणी वाटतात. आणखी एक : बाईनं मोठं व्हायला नकार देण्याला जग 'गोड खोडकरपणा' म्हणत नाही. त्यामुळे या सिनेमांत विनोदाला धार लवकर येते.

मोठं न होणं हा मानसिक आजार आहे का?

नाही. 'पीटर पॅन सिंड्रोम' (पीटर पॅन म्हणजे नाटकातला, कधीच मोठा न होणारा मुलगा) हा शब्द डॅन कायली यांच्या १९८३ च्या लोकप्रिय पुस्तकातून पसरला. निदानाच्या अधिकृत यादीत असा आजार नाही. मूळ पीटर पॅन तर १९०४ साली लंडनच्या रंगमंचावर आला.

अधिक उपयोगी विचार जेफ्री आर्नेट या मानसशास्त्रज्ञानं २००० साली मांडला : साधारण अठरा ते पंचवीस हा आयुष्याचा वेगळाच टप्पा धरावा, धड किशोर नाही, धड प्रौढ नाही. शिक्षण लांबलं, लग्न लांबलं, त्यामुळे मधली जागा वाढली. या सिनेमांतली पात्रं त्या टप्प्याची मुदत वाढवून मागत असतात. अर्ज कुणाकडे करायचा ते माहीत नसतं, एवढंच.

शेवट असे अर्धवट का?

मला विचाराल तर शेवट हाच या प्रकारातला सगळ्यांत अवघड भाग आहे. सगळे सुधारले असं दाखवलं तर दीड तास ज्या वागण्यावर आपण हसलो त्याला शिक्षा केल्यासारखं होतं. कुणीच बदललं नाही तर सिनेमा का बघितला, असं वाटतं.

यातून सुटायला लेखक काय करतात बघा. 'क्लर्क्स'च्या पहिल्या संकलनात शेवटी दरोडेखोर येऊन नायकाला गोळी घालतो. जाणत्यांनी सल्ला दिला आणि तो तुकडा काढला. 'विथनेल' लिहिणाऱ्या ब्रूस रॉबिन्सनच्या मूळ कादंबरीरूपातही विथनेल बंदुकीच्या नळीत दारू ओततो, ती पितो आणि चाप ओढतो. एकमेकांना न ओळखणारे दोन लेखक, दोघांनाही सुचला तो मृत्यू. कारण टोळी थांबवायची कशी ते त्यांच्या पात्रांसारखंच त्यांनाही ठाऊक नव्हतं. मरण हा मोठं होण्यातून सुटायचा सोपा रस्ता आहे, आणि दोघांनी तो शेवटी सोडला हे बरं झालं.

'विथनेल'चा आत्ताचा शेवट : मित्राला काम मिळालंय, त्यानं केस कापलेत, तो जातो. विथनेल भर पावसात, छत्री आणि बाटली घेऊन, प्राणिसंग्रहालयाच्या कुंपणापलीकडच्या लांडग्यांना 'हॅम्लेट'मधलं भाषण ऐकवतो. उत्तम म्हणतो. आणि तेव्हा कळतं की हा खरंच चांगला नट होता. बंदुकीपेक्षा हे जास्त लागतं.

घरातल्या लहानांबरोबर बघता येतील का?

बहुतेक नाही. 'क्लर्क्स'ला अमेरिकेत केवळ संवादांसाठी आधी सर्वांत कडक प्रमाणपत्र मिळालं होतं, अपिलात ते सौम्य झालं. पडद्यावर काही दिसत नाही, कानांवर मात्र सगळं पडतं.

मला असा सिनेमा करायचाय. कुठून सुरू करू?

जागेपासून. कथेपासून नव्हे. फुकट, रोज, पुन्हा पुन्हा मिळेल अशी एक जागा शोधा आणि तिच्या अडचणींची यादी करा. त्या अडचणी पटकथेत घाला. शटरची गोष्ट आठवा.

मग आवाज. चित्र थोडं कच्चं असलं तर प्रेक्षक त्याला शैली म्हणतो, आवाज कच्चा असला तर उठून जातो. टोळीच्या सिनेमात चौघे एकाच वेळी बोलतात, म्हणजे प्रश्न चौपट. प्रत्येकाला वेगळा लेपल माइक (कपड्याला लावायचा छोटा माइक) आणि वर बूम (काठीवर धरलेला माइक) असेल तर संकलनात जीव वाचतो. एकमेकांवर चढणारे संवाद एका सलग मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळे एकत्र दिसतील अशा शॉटमध्ये, घ्या, क्लोजअप घेताना मात्र एका वेळी एकालाच बोलू द्या, नाहीतर जोडताना एकाच्या वाक्याचं शेपूट दुसऱ्याच्या शॉटमध्ये लोंबत राहतं. प्रत्येक जागेची अर्धा-एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. त्या वेळी नेमकं कुणीतरी हसतं. पुन्हा करा.

ऐकणाऱ्यांचे शॉट भरपूर घ्या. मित्रांच्या विनोदात हशा बोलणाऱ्यावर कमी आणि ऐकणाऱ्याच्या तोंडावर जास्त येतो. नवखे संकलक बोलणाऱ्यालाच धरून बसतात.

आणि गाणी. पात्रं जुन्या दिवसांची गाणी ऐकतात, म्हणून तुम्हाला प्रसिद्ध गाणं घालायचा मोह होईल. त्यासाठी दोन परवानग्या लागतात : एक गीत-संगीताच्या हक्कदाराची, दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाच्या मालकाची. एक मिळाली आणि दुसरी अडली तर गाणं बाद. 'क्लर्क्स'च्या गाण्यांचे हक्क मूळ निर्मितीखर्चापेक्षा महाग पडले, पण ते सिनेमा विकला गेल्यावर, वितरकाच्या जिवावर. ओळखीतल्या बँडकडून नवं गाणं करून घ्या, लेखी परवानगीसह.

माझ्याच मित्रांना घेऊ का? आमचेच किस्से वापरू का?

घ्या, पण जे नट आहेत त्यांनाच. खरी मैत्री कॅमेऱ्यासमोर आपोआप दिसत नाही. उलट मित्र संकोचतात, किंवा ओव्हरअ‍ॅक्टिंग करतात.

किश्शांचं विचाराल तर एक सांगते. मी एकदा एका मित्राची फजिती जशीच्या तशी लघुपटाच्या पटकथेत घातली, त्याला न विचारता. वाचन झालं, सगळे हसले, तोही हसला. मग दोन महिने त्याचा फोन आला नाही. तेव्हापासून माझा नियम : किस्सा उचला, पण तो दुसऱ्या पात्राला द्या, आणि मूर्खपणाचा भाग स्वतःवर घ्या. विनोदही बहुतेक वेळा सुधारतो, कारण स्वतःचा मूर्खपणा आपल्याला बारकाव्यांसह ठाऊक असतो.

पहिल्यांदा कोणता बघू?

'फ्रान्सिस हा'. आवडला तर 'गर्लफ्रेंड्स', मग 'विथनेल'. 'इ वितेलोनी' एखाद्या मोकळ्या रविवारी.

मित्रांबरोबर बघावेत की एकट्यानं?

जमलं तर सगळ्यांनी मिळून. तारीख ठरवायला किती आठवडे लागतात, ते मात्र मोजून ठेवा.